बाबांचा पहिला नंबर

मी चुका शोधून पोट भरते. नागपूरच्या मिहानमधल्या एका काचेच्या इमारतीत बसून दिवसभर सॉफ्टवेअर तपासायचं आणि कुठे काय बिघडतंय ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. चूक क्रमांक अमुक, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि शेवटी गंभीरता: जास्त, मध्यम की कमी. पंधरा वर्षं हे केलं की माणूस कामातून जातो. हॉटेलचं मेनूकार्ड हातात आलं तरी मी आधी त्यातल्या चुका काढते. पाहायला आलेल्या मुलांच्याही काढल्या म्हणून अजून बापाच्याच घरात आहे, असं नातेवाईक म्हणतात. म्हणोत बापडे. तर अशा बाईच्या नजरेखालून जी एक चूक निसटली तिची ही गोष्ट आहे, आणि ती लिहिताना मला स्वतःचा इतका संताप येतो की मधेच उठून घरातल्या घरात फेऱ्या मारते.

आमचं घर विणकरांचं. बाबा तरुणपणापासून हातमागावर करवत काठी साडी विणायचे. या साडीचे दोन्ही काठ आणि मधलं अंग वेगवेगळ्या धाग्यांनी विणतात, त्यासाठी आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात, आणि प्रत्येक ओळीत काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. असं ओळीमागून ओळ केलं की काठाच्या कडेला करवतीसारखे दात उठतात. एक धागा सैल पडला तर दात वाकडा, आणि वाकडा दात साडी फाटेपर्यंत वाकडाच. पुढे मागाचं काम सुटलं, माग विकला, आणि बाबा लकडगंजला एका ठोक व्यापाऱ्याकडे कापडाचे गठ्ठे मोजत बसले. आई गेल्यावर तेही सोडलं. मग ते आणि मी, दोघंच घरात.

यंदा होळीच्या सुमारास उमरेडहून एक सर त्यांना शोधत आले. तिथे विणकामाचं एक केंद्र आहे, दिवाळीनंतर करवत काठाचा वर्ग सुरू करायचा होता आणि तो काठ हाताने विणून दाखवणारा माणूस त्यांना सापडत नव्हता. बाबांनी लगेच होकार दिला नाही, त्यांच्या स्वभावातच नाही. "पाहू जी," म्हणाले. पण सर गेल्यावर त्यांनी मला चष्म्याचा नंबर तपासायला न्यायला सांगितलं. दोन वर्षं मी मागे लागले होते तेव्हा ऐकलं नव्हतं.

उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला. सकाळी दाढी करता करता ब्रश हातातून पडला आणि तो उचलायला हातच गेला नाही. दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय जरा ओढत का होईना चालत होता, जीभ जड होती पण बोलणं समजायचं. उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत होता. उमरेडच्या सरांना मी फोन केला. भला माणूस, म्हणाले, दिवाळीपर्यंत जागा ठेवतो, हात सुधारला की कळवा. तेव्हापासून आमच्या घरात दिवाळी हा सण राहिला नाही, ती हाताची मुदत झाली.

व्यायाम करून घ्यायला एक ताई यायच्या. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो डाव्या हाताने खिडकीतून फेकला. "हे पोट्ट्यायचे खेळ मले नको सांगू," म्हणाले. ताई हसल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, खेळच द्यायचा तर असा द्या की राग आला तरी सोडवणार नाही. व्हिडिओ गेमचा कंट्रोलर दोन्ही हातांनी धरावा लागतो, बोटं हलतात, बघा जमतं का.

मी शनिवारी सीताबर्डीच्या बाजारात गेले. गेमची जुनी यंत्रं विकणाऱ्या एकाने माझ्यासमोर तीन-चार गेम टाकले आणि एकावर बोट ठेवलं. "ये लेके जाओ दीदी, इसमें दिमाग नहीं लगता." बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी तोही खिडकीतून टाकला असता, म्हणून हे वाक्य मी घरी आणलं नाही.

आता त्या गेमविषयी. गुण आधी सांगते, नाहीतर म्हणाल हिला दोषच दिसतात. पुढच्या कुठल्या तरी काळातली शर्यत आहे, किती पुढच्या ते गेम बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. आठ गाड्या, चाकं नाहीत, जमिनीच्या वीतभर वरून तरंगत पळतात. शहर बुडालेलं आहे, इमारतींची टोकं तेवढी पाण्यावर राहिलीत, आणि त्यांच्यामधून रस्ता वर जातो, खाली येतो, एका ठिकाणी पूर्ण उलटा होतो. वाटेत चमकणारे चौकोन असतात, त्यांवरून गेलं की हत्यार मिळतं: समोरच्यावर सोडायचं क्षेपणास्त्र, मागच्यासाठी टाकायचा सुरुंग, नाहीतर नुसती ढाल. वेग असा की पहिल्या दिवशी मला मळमळलं. पण गाडीला वजन आहे. वळणावर ती बाहेर ओढली जाते ते पोटात कळतं, आणि धक्का बसला की कंट्रोलर हातात थरथरतो. ही थरथर मी त्या गेमचा सगळ्यात मोठा गुण म्हणेन. कारण पहिल्याच रविवारी मी वेगाची कळ डाव्या हाताकडे आणि वळवायची मुद्दाम उजव्याकडे घेतली, बाबांची उजवी बोटं एकेक करून त्या कंट्रोलरवर बसवली, मागून कोणीतरी क्षेपणास्त्र मारलं, आणि बाबा म्हणाले, "थांब. हातात काहीतरी झालं वं." तीन महिन्यांत त्या हाताविषयी ते पहिल्यांदा काही बोलले होते. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

दोषही भरपूर होते. अक्षरं इतकी बारीक की बाबांना नव्या चष्म्यातूनही दिसायची नाहीत. रस्ते मोजके, महिन्याभरात पाठ झाले. हत्यारं सगळी नशिबावर. चांगलं चालवणाऱ्याला ढाल मिळते आणि शेवटच्याला नेमकं मोठं क्षेपणास्त्र, म्हणजे पुढे राहण्याची शिक्षाच. बाबांची तक्रार वेगळीच होती. "एवढं मोठं शहर बांधलं," ते म्हणाले, "अन् माणूस एकबी नाही. हे पळून कोणाले दाखवून राहिले?" त्यांनी क्षेपणास्त्र कधी सोडलं नाही. मी सांगून दमले की ही लढाईची शर्यत आहे, मारावंच लागतं. "त्यानं माझं काय केलं?" असं विचारायचे आणि मिळालेलं हत्यार तसंच जवळ ठेवून शर्यत संपवायचे. मी चिडायची, ते हसायचे. आजारपणानंतर घरात हसणं आलं ते या भांडणातून.

सवयच वाईट. मी या गेमसाठीही वही केली होती. ऑफिसातून आले, चहा झाला की बाबा खेळायचे आणि मी शेजारी बसून दोष लिहायची, क्रमांक घालून, गंभीरतेसकट. बाबा चिडवायचे, "लिही माय लिही, कंपनीवाले वाट पाहून राहिले तुह्या वहीची."

आणि बाबा सुधारत गेले. पहिल्या आठवड्यात आठांत सातवे, मग पाचवे, श्रावण संपता संपता तिसरे, आणि गणपतीत एका संध्याकाळी पहिले. पडद्यावर सोनेरी कागदांचा पाऊस पडला. त्यानंतर पहिला नंबर नेमाने येऊ लागला. ताई म्हणायच्या, हाताची पकड अजून तशीच वाटते मला. मी त्यांना टीव्हीकडे बोट दाखवलं. म्हटलं, ताई, तुमचं अंदाजाचं माप आणि हे मशीनचं माप, कोणतं खरं धरू? त्या गप्प बसल्या. त्यांनी गप्प बसायला नको होतं, आणि मी तसं बोलायला नको होतं.

बाबा नंबर पाहतच नव्हते. ते रेघ पाहायचे. गाडीच्या मागे निळ्या उजेडाची एक रेघ उमटत जाते, रस्त्याच्या कडेकडेने, वळणावर वळणासारखी, सरळला सरळ. त्यांच्या रेघेला कुठे कंप नव्हता. "पाह्य," ते मला दाखवायचे, "काठ पाह्य कसा निघून राहिला." जन्मभर त्यांनी हाताची परीक्षा अशीच केली होती. मागावर हात जे करतो तेच कापडात उतरतं, त्यात दुसऱ्या कोणाला घुसता येत नाही. रेघ सरळ आहे म्हणजे हात सरळ आहे. दुसऱ्या कोणत्याही घरातला म्हातारा आपल्या बोटांकडे पाहून म्हणाला असता की ही तर हलत नाहीत. आमच्या घरातल्याने कापडाकडे पाहिलं.

दसऱ्यानंतरच्या रविवारची सकाळ. बाबा आंघोळीला गेले होते. मी नुकत्याच खुल्या झालेल्या एका नव्या रस्त्यावर शर्यत लावून पाहत होते, तेवढ्यात उमरेडच्या सरांचा फोन आला. कंट्रोलर दिवाणावर ठेवला आणि खिडकीशी जाऊन बोलले. दिवाळी झाली की पुढच्या सोमवारी यायचं, राहायची सोय केली आहे, माग लावून ठेवला आहे. हात कसा आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकदम छान आहे सर. आणि म्हणता म्हणता वळून पाहिलं. टीव्हीवर गाडी चालली होती. कंट्रोलर दिवाणावर उताणा पडला होता आणि गाडी भिंतीपासून बरोबर हातभर अंतर ठेवून वळण घेत होती. मागे निळी रेघ.

सर फोनवर विचारत होते, "मग नक्की धरू ना?" मी म्हटलं, "हो सर, येतात ते."

फोन ठेवून मी सेटिंग उघडलं. नवख्या खेळाडूसाठी मदत: चालू. वेग आपोआप: चालू. वळण आपोआप: चालू. मग आठवलं, पहिल्या दिवशी यंत्राने काहीतरी विचारलं होतं आणि मी न वाचता हो दाबलं होतं. जी बाई दुसऱ्यांनी असं केलं तर त्यांना मूर्ख म्हणते, तिने. मी वही काढली. दोष क्रमांक अकरा, माझ्याच अक्षरात: वळणावर न वळवताही गाडी वळते. गंभीरता: कमी.

मग नंबर वाढत कसा गेला? तेही वहीत होतंच. मागे पडलेल्याला गेम जास्त वेग देत होता, आणि रोज खेळणाऱ्याला नवीन, जास्त पळणारी गाडी. बाबांनी काही केलं नव्हतं. ते फक्त रोज बसले होते.

त्या दिवशी मी त्यांना सांगायला हवं होतं. आंघोळ करून, डाव्या हाताने केस विंचरून ते बाहेर आले आणि म्हणाले, "कोणाचा फोन होता?" मी म्हटलं सरांचा, जागा पक्की झाली. त्यांनी मान हलवली आणि उमरेडला न्यायच्या सदऱ्यांना इस्त्री करून ठेव म्हणाले. मग मी जे केलं ते कोणत्याही शत्रूने केलं नसतं. मी सगळ्या मदती बंद करून ठेवल्या आणि काही बोलले नाही. मनाची समजूत अशी घातली की एवढ्या दिवसांत थोडा तरी हात आला असेल, तो किती आला ते कळेल. खरं सांगायचं तर मला तोंड उघडायचं नव्हतं, ते काम मी यंत्रावर ढकललं.

सोमवारी संध्याकाळी बाबांची गाडी पहिल्याच वळणावर भिंतीत गेली. मागे घेता येईना, पुन्हा भिंतीत. आठवे आले. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. आठवे. मंगळवारी चार शर्यती, चारही वेळा आठवे. बुधवारी त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि भिंतीला धरत मोरीच्या आरशापर्यंत गेले. तिथे उभे राहून ओठ ताणून पाहिले, जीभ बाहेर काढून पाहिली. मी दारात होते.

"पुन्हा आला वाटते," ते म्हणाले.

"काय?"

"लकवा. रविवारपर्यंत हात चांगला चालून राहिला होता."

त्या क्षणी तरी सांगावं की नाही? नाही सांगितलं. ते रात्री जेवले नाहीत. गुरुवारी मी ऑफिसला निघाले तेव्हा म्हणाले, मला एकटं सोडून जाऊ नको, काही झालं तर आवाज निघणार नाही माझा. माझा बाप, ज्याने आईच्या आजारपणात एकदाही डोळा ओला केला नाही, तो असं म्हणाला. शुक्रवारी मी रजा टाकून त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, हात वर करायला लावला, बोट दाबायला लावलं, आणि हसतमुखाने म्हणाले, घाबरू नका काका, नवीन काहीही झालेलं नाही. हात उन्हाळ्यात होता तसाच आहे.

डॉक्टरांना वाटलं त्यांनी दिलासा दिला. बाबा माझ्याकडे पाहू लागले. ऑटोत बसलो, सीताबर्डीचा पूल मागे पडला, तरी त्यांची नजर हटेना. घरी येऊन दिवाणावर बसल्यावर मी सांगितलं.

"बाबा, गाडी आपोआप चालत होती. त्यात तसं असते. म्या रविवारी ते बंद केलं, म्हणून धडकून राहिली."

"म्हणजे मी चालवत नव्हतो?"

"नाही."

"पहिला नंबर आला तेव्हाबी?"

"तेव्हाबी नाही."

त्यांनी डाव्या हाताने टीव्हीच्या काळ्या काचेकडे बोट केलं. "अन् रेघ?" त्यांनी विचारलं.

"रेघ मशीनची होती बाबा."

"तुले रविवारी समजलं."

"हो."

"आज शुक्रवार हाय."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, ते यंत्र उचलून फेकलं असतं तर बरं झालं असतं. ते आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस हूं की चूं नाही. मी पोळी कुस्करून समोर ठेवायची, ते खायचे, ताट बाजूला सरकवायचे. घरात एवढी शांतता आई गेली तेव्हाही नव्हती. या शांततेचं आता काही होणार नाही, ही अशीच राहणार, आणि ती मी आणली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तिसऱ्या दिवशी मीच हट्टाने त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "मले शिकवा. हात माझे, सांगा तुम्ही. तोंडानं सांगत जा, मी उमरेडले येते तुमच्यासोबत, रजा काढते."

"तोंडानं नाही सांगता येत," ते म्हणाले. दोन दिवसांनी आवाज ऐकला. "माझ्या बाबानं मागं बसून माझे दोन्ही हात धरले होते. सहा महिने. धागा किती ओढायचा ते त्याच्या बोटातून माझ्या बोटात आलं. त्याले शब्द नाही."

"मग तेव्हा काहून नाही शिकवलं?" मला राग आवरेना. "शाळेत होती मी. मागावर जाऊन बसली तर तुम्ही हातावर छडी मारली होती."

"मारली. तुले ऑफिसात जायचं होतं."

"तुम्हाले पाठवायचं होतं."

"होय," ते म्हणाले. "मले पाठवायचं होतं. फोन लाव सरले."

मी नंबर लावून फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांचं बोलणं जड होतं, म्हणून ते एकेक शब्द सावकाश सोडत होते.

"सर, पोरीनं तुम्हाले येतो म्हणून सांगितलं होतं. मी येत नाही जी. हात गेला माझा." हे वाक्य त्यांनी कधीच, कुणासमोरच म्हटलं नव्हतं, माझ्यासमोरही नाही. "नाही, सुधारला नव्हता. आमची समजण्यात चूक झाली."

तिची म्हणाले नाहीत, आमची म्हणाले. सर पलीकडून काहीतरी समजुतीचं बोलले. मग त्यांचा आवाज जरा मोठा झाला आणि मला खुर्चीतून ऐकू आला. वर्गाला मुलं आली आहेत, माग लावला आहे, तुमच्या नात्यात, घरात दुसरं कोणी आहे का, ज्याला हा काठ येतो?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी आधी माझा उजवा पाहिला, मग डावा.

"नाही जी," ते फोनमध्ये म्हणाले. "घरात कोणालेच येत नाही."